खुराकाची चिठ्ठी

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पहिल्याच तासाला सांगायची, की प्राणिशास्त्र म्हणजे पाठांतर नव्हे, नाती जुळवणं आहे. कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, आणि कोण नुसताच आडनावबंधू. गाय आणि म्हैस जवळच्या बहिणी. शेळी-मेंढी त्याच कुळातल्या, फक्त वेगळ्या घरात नांदणाऱ्या. देवमासा जन्मभर पाण्यात राहिला तरी तो आपल्याकडचा, सस्तन. मासे त्याचे कुणीही लागत नाहीत. मुलं हसायची आणि वहीत उतरवून घ्यायची. सव्वीस वर्षं मी हेच सांगत आले.

माझे पती त्याच कॉलेजात पशुआहार शिकवायचे. सगळं कॉलेज त्यांना सर म्हणायचं. लग्नानंतर मीही त्यांना सर म्हणायला लागले, आधी चिडवायला आणि मग सवयीनं. मी जनावराचं कुळ सांगायची आणि ते जनावराचं ताट वाढायचे, असं आमच्या स्टाफरूममध्ये म्हणत. वर्गात ते गाईचं पोट फळ्यावर काढायचे तेव्हा अर्धा फळा त्यातच जायचा. "लक्षात ठेवा, गाईला आपण खाऊ घालत नाही. तिच्या पोटात कोट्यवधी जंतू असतात, त्यांना खाऊ घालतो. पंगत त्यांची, गाय नुसती यजमान."

कॉलेजच्या गोठ्यात एकतीस गाई होत्या. प्रत्येकीच्या कानाला नंबरचा बिल्ला होता, पण नंबरानं त्यांना फक्त रजिस्टर ओळखायचं. गोठ्यात त्यांना मामांनी ठेवलेली नावं चालायची. एकीचं नाव होतं सासूबाई, कारण वैरण कितीही चांगली घाला, ती आधी हुंगायची, मग तोंड फिरवायची आणि सगळे गेल्यावर गुपचूप खायची.

मामा म्हणजे खुराक तयार करणारे. बावीस वर्षं तेच काम. प्राचार्यांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळ्यांचे ते मामा. मला ते वहिनी म्हणत. दर सोमवारी सर त्यांना एक चिठ्ठी लिहून द्यायचे: मक्याचा भरडा इतका, पेंड इतकी, कोंडा इतका, क्षारांची पूड, मीठ, आणि शेवटी युरिया तीन किलो. शेतात टाकतात तेच पांढरे दाणे. तीनशे किलो खुराकात तीन किलो घातला, तर पोटातले ते जंतू त्याची प्रथिनं करतात आणि पेंड कमी लागते. जास्त झाला तर त्याचा वायू होतो, आणि तो वायू रक्तात गेला की जनावर तासाभरात आडवं होतं. मामा चिठ्ठी कोठीच्या भिंतीवरच्या खिळ्याला टोचत, एकेक जिन्नस वजनकाट्यावर घालत आणि फरशीवर फावड्यानं कालवत. शेवटी एक मूठ उचलून नाकाशी नेत. "झाला," म्हणत. तो शब्द म्हटल्याशिवाय पोतं भरायचं नाही, असा त्यांचा नेम.

सरांचे शब्द हरवायला लागले ते पुढे गोठ्यात जे घडलं त्याच्या वर्षभर आधी. आधी वाटलं, वय झालं. सत्तावन्न म्हणजे काही म्हातारपण नव्हे, पण माणूस स्वतःची समजूत घालायला काहीही पुढे करतो. "ते कापायचं दे," म्हणायचे, म्हणजे सुरी. खिडकीत चिमणी बसली तर "ते उडणारं आलंय बघ." एकदा वर्गात दहा मिनिटं फळ्याकडे बघत उभे राहिले, असं मुलींनी मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, "अगं, रात्री झोप झाली नव्हती त्यांची."

मी खोटं बोलले. त्यांचे पेपर मी तपासायला लागले. त्यांची व्याख्यानं मी लिहून देऊ लागले. आणि दर रविवारी संध्याकाळी, ते चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवत तेव्हा मी सहज म्हणून बघायची. दोनदा आकडा चुकलेला सापडला. मी खोडून बरोबर लिहिला आणि कुणालाही बोलले नाही. त्यांनाही नाही. अजून तीन वर्षं होती निवृत्तीला. मला वाटलं होतं, ओढून नेऊ.

त्या रविवारी माझ्याकडे प्रात्यक्षिकाच्या नव्वद वह्या होत्या. चिठ्ठी बघायची राहिली.

मंगळवारी सकाळी मी वर्गात होते. पृष्ठवंशी आणि अपृष्ठवंशी, म्हणजे पाठीला कणा असलेले आणि नसलेले. तेवढ्यात गोठ्याकडून गाईचं ओरडणं ऐकू आलं. वासराला हाक मारते तसं नव्हे, भुकेचंही नव्हे. ज्यांनी जनावरं सांभाळली आहेत त्यांना ते ओरडणं समजावून सांगावं लागत नाही. मी खडू टाकून धावले.

सात-आठ गाई खाली पडलेल्या. पाय झाडत होत्या. तोंडाला फेस, डोळे पांढरे, आणि डावी कूस ढोलासारखी फुगलेली. उरलेल्या उभ्या होत्या पण थरथरत होत्या. पशुवैद्य डॉक्टर बाह्या वर सारून एकीच्या घशात नळी घालत होते आणि ओरडत होते, "व्हिनेगर आणा! कँटीनमध्ये असेल तेवढं आणा! आणि थंड पाणी!" सगळं कॉलेज बाटल्या आणि बादल्या घेऊन पळत होतं. मीही पळाले.

मामा गव्हाणीपाशी खाली बसले होते. सासूबाईचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. ते काही करत नव्हते, नुसते तिच्या कपाळावरून हात फिरवत होते. मी व्हिनेगरची बाटली पुढे केली तर म्हणाले, "राहू द्या वहिनी. ती दुसरीला द्या."

दुपारपर्यंत चार गाई गेल्या. त्यातली एक सात महिन्यांची गाभण होती. बाकीच्या वाचल्या.

डॉक्टरांनी गव्हाणीतला खुराक हातात घेतला, चोळला, आणि मामांकडे वळले.

"मामा, युरिया किती घातलात?"

"बारा."

"बारा किलो? तीनशे किलोत?"

"चिठ्ठीत होतं."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. ते दारात उभे होते, पाहुणा उभा राहतो तसे. "मी बारा कसा लिहीन?" ते म्हणाले. "तीन असतो. नेहमीच तीन." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि ज्या खात्रीनं ते बोलले त्या खात्रीसमोर मामांचं बोलणं लटकं वाटलं.

प्राचार्य कोठीत गेले. खिळ्यावर चिठ्ठी नव्हती.

"इथेच टोचली होती साहेब," मामा म्हणाले. एकदाच म्हणाले. त्यांना त्याच दिवशी कामावरून थांबवलं. चौकशी पुढच्या सोमवारी ठरली.

चिठ्ठी मला बुधवारी सापडली, कपडे धुवायला टाकताना, सरांच्या सदऱ्याच्या खिशात. त्या दिवसांत त्यांना एक सवय लागली होती. दिसेल तो कागद उचलायचा आणि खिशात ठेवायचा: पावत्या, पाकिटं, मुलांच्या वहीतली फाटकी पानं. सोमवारी संध्याकाळी कोठीत गेले असतील आणि खिळ्यावरचा कागदही तसाच उचलला असेल. भरडा बरोबर, पेंड बरोबर, कोंडा बरोबर. युरियापुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात बारा.

मी दार लावून मुलीला फोन केला. ती दुसऱ्या गावी असते. तिला सगळं सांगितलं.

"आई, फाडून टाक."

"अगं, मामांचं काय?"

"मामांना सांभाळून घेतील, दुसरीकडे लावतील. बाबांची छत्तीस वर्षं आहेत गं. एका कागदापायी सगळ्यावर पाणी पडेल. आणि त्यांना कळलं तर ते जगतील का? विचार कर." ती रडायला लागली. "मी वाईट नाहीये, आई."

"नाहीस गं," मी म्हटलं.

मी फाडली नाही. पण कुणाला दाखवलीही नाही. माझ्या टेबलाच्या खणात, प्राण्यांच्या चित्रांच्या पत्त्यांखाली ठेवली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शुक्रवारी मी कॉलेजच्या फाटकातून आत जात होते तर मामा बाहेरच्या बाकावर बसलेले दिसले. धुतलेला सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस. कामावर नव्हते तरी वेळेवर आले होते. मला पाहून उठून उभे राहिले.

"वहिनी, बाकीच्या खातायत का?"

"खातायत," मी म्हटलं आणि पुढे गेले. त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

शनिवारी दुपारी मी तो खण उघडला आणि आधी चित्रांचे पत्ते बाहेर काढले. वर्गात मी ते टेबलावर मांडायची आणि मुलं त्यांचे गट पाडायची. सरांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि एकेक पत्ता पुढे ठेवला.

"हे काय आहे?"

मेंढीकडे बघून ते म्हणाले, "शेळी." मला थोडं बरं वाटलं, चुलत का होईना, घर बरोबर होतं. हरणाकडे बघून म्हणाले, "जनावर." घोडा, जनावर. कासव, जनावर. बगळा आला तेव्हा खूप वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हेही जनावरच, नाही का?"

जाती, प्रजाती, कुळ, गण, वर्ग, संघ, सृष्टी. ही शिडी मी सव्वीस वर्षं मुलांकडून घोकून घेतली होती. ते तिच्यावरून खालची एकेक पायरी सोडत वर चालले होते, आणि वरच्या टोकाला प्राणी या एका शब्दापलीकडे काही उरत नाही. शेवटी मी गाईचा पत्ता ठेवला.

त्यांनी तो उचलला. अंगठ्यानं चित्राच्या डाव्या कुशीवर चोळलं. ओठ हलले. शब्द आला नाही. छत्तीस वर्षं ज्या प्राण्याच्या पोटावर त्यांनी आयुष्य काढलं, त्याचं नाव त्यांना आलं नाही, आणि आलं नाही हे त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ती नजर सहन करू शकले नाही, म्हणून चिठ्ठी पुढे केली.

शब्द जात होते, लिहिताना आकडे चुकत होते, पण समोर लिहिलेलं वाचून अजून कळत होतं. त्यांनी चिठ्ठी वरून खाली वाचली. पुन्हा वाचली.

"हे माझं अक्षर आहे."

"हो."

"बारा लिहिलंय."

"हो."

"त्या दिवशी... मामा बोलला ते खरं होतं."

"हो, सर."

"तुला कधी मिळाली ही?"

"बुधवारी."

मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि चपला शोधायला लागले. "चल," म्हणाले. "आत्ताच चल. उद्या माझ्या लक्षात राहील की नाही, सांगता येत नाही."

मामांचं घर बाजाराच्या मागे, दोन खोल्यांचं. बावीस वर्षांत आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो, हे मला दारात उभं राहिल्यावर जाणवलं. मामींनी घाईनं चादर झटकली, दोन खुर्च्या पुढे केल्या आणि पाणी आणलं. सर बसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी मामांच्या हातात दिली.

"मामा, चूक माझी होती. मी लिहिलं. मीच उचलून आणली. मला काही... माझ्या डोक्यात काहीतरी झालंय. ते मी सांगणार आहे सगळ्यांना. तुम्ही घातलंत ते माझ्या सांगण्यावरून."

मामांनी चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. टेबलावर ठेवली.

"मला माहीत होतं, सर," ते म्हणाले.

"काय?"

"बारा चूक आहे ते. बावीस वर्षं तीन घालतोय. माझा हात थांबला होता. तुम्हाला विचारायला आलो होतो मी वर्गात. आठवतंय?"

सरांना आठवत नव्हतं.

"तुम्ही शिकवत होता. मी दारातून म्हटलं, सर, बारा लिहिलंय. तुम्ही म्हणालात, लिहिलंय ते वाचता येत नाही का? पोरांना कशाचे बारा ते कळलं नाही, नुसती हसली. मी परत आलो." मामांचा आवाज चढला नव्हता. "राग आला होता मला. म्हटलं, लिहिलंय ना, मग घाला. पोतं फोडलं आणि घातला. नाकाशी मूठ नेली तेव्हाही कळलं होतं. 'झाला' म्हटलं आणि पोती भरली. माझ्या रागाच्या भरात गेल्या त्या, सर. तुमच्या एकट्या चिठ्ठीनं नाही."

मामी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत असावं.

मी म्हटलं, "मामा, मी वर्षभर..." पण पुढे मला बोलवेना, आणि त्या खोलीत माझ्या अपराधासाठी जागाही उरली नव्हती.

घरी आल्यावर सर प्राचार्यांना पत्र लिहायला बसले. मी म्हटलं, मी लिहून देते, तुम्ही सही करा. त्यांनी मान हलवली. दोन तास लागले. मध्येमध्ये पेन थांबायचं आणि ते मला विचारायचे.

"त्या मेलेल्या चार... काय गं?"

"गाई."

त्यांनी लिहिलं, गाई. दोन ओळी पुढे गेल्यावर पुन्हा थांबले. "चार काय?"

"गाई, सर."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. वर बघून, स्वतःच लिहिलेला शब्द शोधून, बघून बघून उतरवून काढला, पहिलीतलं मूल फळ्यावरून उतरवतं तसा.

सोमवारी चौकशी झालीच नाही. प्राचार्य मामांच्या घरी स्वतः गेले, माफी मागितली आणि कामावर यायला सांगितलं. मामांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि नाही म्हणाले. विचारायला आलो होतो आणि तरीही घातला, हेही त्यांनी सांगून टाकलं. प्राचार्य म्हणाले, ते कागदावर घ्यायची काही गरज नाही. मामा म्हणाले, कागदावर नका घेऊ, पण मी गोठ्यात येणार नाही. त्यांनी एका रोपवाटिकेत काम धरलं. कुणीतरी विचारलं, जनावरांचा माणूस तू, झाडांत कसा रमतोस? तर म्हणाले, "झाडाला कमी-जास्त झालं तर ते ओरडत नाही."

सरांनी राजीनामा दिला. मोठ्या दवाखान्यात डोक्याचे फोटो काढले. डॉक्टरांनी फोटोतला एक कोपरा दाखवून सांगितलं, की शब्दांचे अर्थ जिथे साठतात तो हा भाग सुकत चाललाय, आणि औषध नाही. मुलगी आली, आठ दिवस राहिली. बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि त्यांनी तिच्या केसांतून हात फिरवला, पण तिचं नाव घेतलं नाही. मी बिनपगारी रजा घेतली, नंतर नोकरीच सोडली.

दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे एकच वाक्य उरलं होतं. कुणीही दारात आलं, पोस्टमन असो की वायरमन, ते विचारायचे, "जेवलात का?" लोक म्हणायचे, हो हो, जेवलो. मग ते समाधानानं मान हलवायचे.

एका दुपारी दार वाजलं. मामा होते, खूप वाळलेले. मी त्यांना आत घेतलं. सर खिडकीपाशी खुर्चीत होते. त्यांनी मामांकडे पाहिलं, ओळख अशी काही नव्हती.

"जेवलात का?"

मामा त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"नाही सर," ते म्हणाले.

हे उत्तर सरांना कधी मिळालं नव्हतं. ते गडबडले. खुर्चीतून उठायला लागले, माझ्याकडे बघून हातवारे करू लागले, अगं, हे जेवले नाहीत, असं सगळ्या अंगानं सांगू लागले. मी ताट वाढलं. मामा आमच्या टेबलाशी बसून जेवले आणि सर समोर बसून त्यांचा प्रत्येक घास बघत राहिले. भाजी संपली की बोटानं मला दाखवायचे. मामांचे डोळे वाहत होते, पण त्यांनी जेवण थांबवलं नाही.

मग ते दर महिन्याला येऊ लागले. कधी जेवून आलेले असायचे, मला ते कळायचं, तरी सांगायचे, नाही सर. असे चार महिने आले. पाचव्या महिन्यात सरांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले.

मामांना सांगायला मी स्वतः गेले. रोपवाटिकेत ते रबरी नळीनं पाणी घालत होते. मी सांगितलं. नळी त्यांच्या हातात तशीच राहिली आणि पाणी त्यांच्या पायांवर पडत राहिलं.

"मी त्यांना तसं कधी म्हटलंच नाही, वहिनी," ते म्हणाले. "की माझ्या मनात काही नाही. ते घरी आले होते त्या दिवशीही नाही म्हटलं. राहूनच गेलं."

"त्यांना काहीच आठवत नव्हतं, मामा."

"मला आठवत होतं ना."

त्यांनी वाकून नळ बंद केला, फांदीवर अडकवलेला सदरा अंगात घातला आणि माझ्याबरोबर निघाले.